पोट आणि गुडघ्याच्या मधे

तांडापेठेत, हातमागाच्या बंद शेडला लागून
माझी अंगणवाडी. एक खोली, एक पंखा,
कूलरमधलं पाणी दहापर्यंत पुरतं.
पटावर बावीस लेकरं, येतात सतरा,
खिचडीच्या वासाला एकोणीस.

सकाळी आधी अंग शिकवायचं.
म्हणजे पदर खोचून मी पुढं उभी राहायचं
आणि वयाच्या एकावन्नाव्या वर्षी माकड व्हायचं:

डोक्यावर टपली, कानाला पीळ,
डोळ्यांची उघडझाप, नाकावर तीळ,
पोट म्हणे गुरगुर,
गुडघे म्हणे कुरकुर,
टाचा म्हणे दूर दूर...

आणि टाचा खरंच दूर जातात,
पार समाजमंदिराच्या पायरीपर्यंत.
छबू खिचडीचा झारा घेऊन त्यांना वळवून आणते.

तपासणीला ढोमणे मॅडम आल्या की पोरं हमखास म्हणतात, डोये.
डोये नाही रे, डोळे. ळ. ळ.
पोरं जीभ वळवून बघतात, ळ सापडत नाही.
माझ्या तोंडात तरी तो
मानधनासोबतच आला.

एप्रिलात एक दिवस मंजिरी हेडाऊच्या टाचा पळाल्या नाहीत.
चपलांजवळ बसून राहिली, पाय आवळून.
काऊन वं मंजे, कुठं दुखून राह्यलं?

ती उठली.
चार वर्षांची पोर, तिला एकच रस्ता ठाऊक,
आणि त्या रस्त्याला दार फक्त डोक्याकडून.
टपली. पीळ. उघडझाप. तीळ.
गुरगुरवर हात थांबला, जरा खाली सरकला,
मागाच्या फणीत धागा अडकावा तसा अडकला.
मग एकदम गुडघे.
मान हलवून ती परत वर गेली, डोक्यापासून.
दुसऱ्यांदाही तिथंच.

पोटात?
नाही.
गुडघ्यात?
नाही.
गाण्यात नाही ना ते, मॅडम.

उन्हाळी लागली होती पोरीला.
बाहेर चव्वेचाळीस, बाटलीत दोन घोट पाणी,
दोन दिवस लघवीला जळजळ
आणि घरात कोणाला पत्ता नाही.
आई धावत आली. माझ्या कानाशी लागून म्हणाली, तिथं?
मीही म्हटलं, तिथं.
आम्ही दोघी मिळून पाच लेकरांच्या आया,
आणि दोघींकडे तेवढाच एक शब्द.

त्या दुपारी खोली झाडताना तक्त्यापुढं थांबले.
'माझे शरीर.' गोरा, गुबगुबीत मुलगा, निळी चड्डी.
भुवईला बाण, कोपराला बाण,
घोट्यालासुद्धा बाण.
चड्डीकडे एकही नाही.
सोळा वर्षं हा तक्ता मी रोज पुसत आले.

रात्री भांडी घासता घासता ओळ जुळवली.
आरशापुढं म्हणून पाहिली, कान तापले.
सकाळी पोट आणि गुडघ्याच्या मधे घातली:

शूची जागा, माझी जागा,
दुखलंखुपलं आईला सांगा.

छबू पातेल्याआड तोंड लपवून हसली.
पोरं हसली नाहीत. त्यांना ते कोपर होतं, घोटा होता.

तिसऱ्या दिवशी लोकेश पराते दारात उभा.
हे काय शिकवून राह्यल्या, मॅडम?
नाक शिकवून राह्यली, म्हटलं. कान शिकवून राह्यली.
त्याला आणखी काही बोलायचं होतं.
लेकीची बाटली उचलली, हलवून पाहिली,
कोपऱ्यातल्या माठावर जाऊन भरली
आणि गेला.

सोमवारी मंजी आली, गळ्यात नवी मोठी बाटली.
आता ती पहिल्या रांगेत असते.
डोक्यावर टपली, कानाला पीळ,
सगळं बिनचूक, तिचा तो डोया धरून.

त्या ओळीशी माझा आवाज अजून बसतो.
खाकरते, पदर सावरते.
मंजी थांबत नाही, खणखणीत म्हणून पुढं जाते.
गुडघ्यांपाशी मी तिला कशीबशी गाठते,
तर तिच्या टाचा
केव्हाच पायरीवर.